खुलं पत्र: तीन वर्षांनी फ्रीझर बंद करू नका

प्रति,
मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली
आणि डीप ओशन मिशनमध्ये समुद्री जीवांचं काम बघणारे सगळे शास्त्रज्ञ, अधिकारी

सप्रेम नमस्कार,

मी सिंधुदुर्गात एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यात ज्यांचा संबंध आहे ती माणसं इथलीच आहेत, कातळावर कालवं काढणाऱ्या बायका, वॉर्डाबाहेर बसलेले पेशंटचे नातेवाईक, आणि आमच्यासारखे कधीतरी प्रकल्पावर काम केलेले आणि नंतर पांगलेले लोक. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते: औषधं शोधण्यासाठी समुद्री जीवांपासून काढलेले अर्क, म्हणजे आपण ज्यांना एक्स्ट्रॅक्ट म्हणतो ते, प्रकल्पाची मुदत संपली की वाऱ्यावर सोडले जातात, ते बंद करा आणि ते कायमचे सांभाळायची व्यवस्था करा. हे एवढं कळकळीने का म्हणतेय ते आता सविस्तर सांगते.

२००६ ते २००९ मी एका प्रकल्पावर प्रोजेक्ट फेलो होते. कुठला, कोणाचा ते सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांच्याकडेही पैसे तीनच वर्षांचे आले होते. काम असं, की अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पहाटे पाच-साडेपाचला कातळावर पोचायचं, पाणी मागे गेलेलं असतं तेवढ्या दीड-दोन तासांत कातळाच्या खालच्या अंगाला, सावलीत, जिथे हात घातला की आधी कालवांची धार लागते तिथे चिकटलेले स्पंज, म्हणजे जागेवरून न हलणारे साधे समुद्री प्राणी, शोधायचे. कुठे नारिंगी, कुठे काळपट जांभळे, काहींना तर सडलेल्या लसणासारखा वास. बोटभर तुकडा घ्यायचा, बाकीचा तसाच सोडायचा म्हणजे तो परत वाढतो, आणि प्रवाळाला हात लावायचा नाही, कारण तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मग लॅबमध्ये तुकडे करून मिथेनॉलमध्ये भिजवायचे, गाळायचे, रोटाव्हॅप नावाच्या यंत्रावर मिथेनॉल उडवून टाकायचं, आणि शेवटी फ्लास्कच्या बुडाला उरतो तो चिकट तपकिरी थर, गुळाच्या पाकासारखा, तो खरवडून छोट्या बाटलीत भरायचा आणि लेबलवर तारीख, कातळाचं नाव, सुकतीची वेळ, जिवंत असतानाचा रंग लिहून उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा.

आमच्या अशा ६३ बाटल्या झाल्या होत्या. त्यातल्या जेमतेम निम्म्या तपासायला गेल्या, त्याही एकाच प्रकारच्या पेशींवर. तोपर्यंत तिसरं वर्ष संपलं, रिपोर्ट गेला, आम्ही पांगलो.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. त्याच्या देखभालीचा करार, एएमसी, संपलेला होता, सुट्टीत कोणी दार उघडलं नाही. जूनमध्ये मी काही कागद आणायला गेले तेव्हा तो फ्रीझर व्हरांड्यात उभा होता, दाराच्या रबरावर काळी बुरशी, आत ट्रेमध्ये पाणी आणि त्यात आमच्या बाटल्या, बऱ्याच लेबलांची शाई पसरून नुसते निळे डाग राहिलेले. मी शिपाईकाकांना विचारलं याचं काय करणार, ते म्हणाले फ्रीझर राइट ऑफ करायचाय, डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे ना, तीन सह्या लागतील. आणि बाटल्या? बाटल्यांची नोंद कुठेच नव्हती. त्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेल्या, त्याला एकही सही लागली नाही.

तेव्हा मला वाईट वाटलं, पण किती मोठी गोष्ट गेली हे खरं कळलं २०१३ ला. माझ्या मावसभावाला एएमएल झाला, रक्ताचा कॅन्सर, वय अठ्ठावीस. मुंबईला नेलं. तिथे या आजाराला पहिला जो कोर्स देतात त्याला सगळे सेव्हन प्लस थ्री म्हणतात, लाल रंगाचं औषध तीन दिवस आणि पाण्यासारखं दिसणारं दुसरं औषध सात दिवस, रात्रंदिवस, थेंब थेंब. मी मावशीबरोबर बसायला होते. चौथ्या दिवशी लाल औषध संपलं आणि नुसती ती पाण्यासारखी पिशवी राहिली तेव्हा मावशी घाबरली, तिला वाटलं पैसे कमी पडले म्हणून सलाईनच लावलंय. मला हळूच विचारते, "ह्याच्यात काय आसा गो?" मी पिशवीवरचं लेबल वाचलं, सायटाराबिन. आणि मला एकदम आमच्या कातळावरचे स्पंज आठवले.

कारण सायटाराबिनची गोष्ट स्पंजापासूनच सुरू होते. १९५०-५१ च्या सुमारास वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी या अमेरिकन संशोधकांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या एका स्पंजातून दोन वेगळीच न्यूक्लिओसाइड्स काढली. आपल्या डीएनएचे जे तुकडे असतात तशीच दिसणारी, फक्त त्यातली साखर वेगळी, अरॅबिनोज. तोवर रसायनशास्त्रज्ञांना वाटत नव्हतं की असली साखर लावलेला तुकडा निसर्गात असेल. तो धागा पकडून लॅबमध्ये सायटाराबिन बनवलं गेलं आणि १९६९ ला अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मावशीला मी आपल्या भाषेत सांगितलं, चिऱ्याची भिंत रचताना मधेच एक चिरा असा आला की दिसायला सारखा पण त्याच्यावर पुढचा चिरा बसतच नाही, तर भिंत तिथेच थांबते ना, तसं हे औषध कॅन्सरच्या पेशीचं करतं, ती दुप्पट व्हायला निघते, डीएनए रचायला घेते आणि तिथेच अडकते. मावशीने पिशवीकडे बघितलं आणि हात जोडले. भाऊ आज कुडाळात गॅरेज चालवतो. एकट्या सायटाराबिनने झालं असं मी म्हणत नाही, ते लाल औषध डॉनोरुबिसिन होतं, ते मातीतल्या जिवाणूपासून आलेलं, शिवाय पुढचे कोर्स, डॉक्टर, नर्सेस, रक्त देणारे मित्र, सगळ्यांचा वाटा. पण ती पिशवी मी विसरू शकत नाही.

आता माझा मुद्दा. स्पंज ते औषध, सायटाराबिनला सुमारे १८ वर्षं लागली, आणि समुद्रातून आलेल्या औषधांत हे लवकर झालेलं काम आहे! बाकीच्यांचं बघा.

कॅरिबियनमध्ये खारफुटीच्या मुळांना लटकून वाढणारा एक समुद्री जीव आहे, एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा, सी स्क्वर्ट म्हणतात त्या मऊ पिशवीसारख्या प्राण्यांच्या जातीतला. त्याच्या अर्कात कॅन्सरच्या पेशींविरुद्ध काहीतरी आहे हे १९६९ लाच दिसलं होतं, पण ते इतकं कमी प्रमाणात होतं की वेगळं काढून त्याची रचना समजायला १९९० उजाडलं. म्हणजे एकवीस वर्षं ती नोंद तशीच थांबून होती, तंत्र सुधारायची वाट बघत. त्यातून ट्रॅबेक्टेडिन आलं, युरोपात २००७ ला आणि अमेरिकेत २०१५ ला मान्यता, हाडं सोडून स्नायू-चरबीसारख्या मऊ भागात होणाऱ्या सार्कोमा नावाच्या कॅन्सरवर. १९६९ ची ती नोंद कोणी फाइल बंद करून फेकली असती तर?

डोलास्टॅटिन नावाच्या रेणूचं तर आणखी लांब. समुद्री ससा म्हणतात असा एक मऊ, शंख नसल्यासारखा दिसणारा गोगलगाईचा भाऊबंद, डोलाबेला ऑरिक्युलारिया, हा आपल्याच हिंदी महासागरातला. जॉर्ज पेटिट यांच्या टीमने १९७२ ला मॉरिशसजवळ तो गोळा केला, डोलास्टॅटिन १० ची रचना कळली १९८७ ला. हजारो किलोतून मिलिग्रॅममध्ये मोजावं लागेल इतकंच हाती आलं. मग पेशंटवर चाचण्या झाल्या आणि एकटं ते औषध काही चाललं नाही. आपल्याकडे असतं तर तिथेच "प्रकल्प असफल" असा शेरा पडला असता. पण त्याच रेणूच्या जवळचा एक रेणू, एमएमएई, कॅन्सरच्या पेशीवर जाऊन चिकटणाऱ्या अँटिबॉडीला बांधला, म्हणजे विष मोकळं न सोडता थेट त्या पेशीच्या दारात नेऊन टाकायचं, आणि त्यातून ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन तयार झालं, २०११ ला हॉजकिन लिम्फोमासाठी, म्हणजे लसीका ग्रंथींच्या एका कॅन्सरसाठी, मान्यता. १९७२ ते २०११, एकोणचाळीस वर्षं. हॉजकिन बऱ्याचदा तरुण पोरांना होतो. ज्यांना हे औषध मिळालं त्यातली कित्येक पोरं तो ससा पकडला तेव्हा जन्मलीही नव्हती.

आणि एरिब्युलिन. जपानी संशोधक हिराता आणि उएमुरा यांनी हॅलिकाँड्रिया ओकाडाई नावाच्या स्पंजातून हॅलिकाँड्रिन बी काढलं, १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं, ६०० किलो स्पंजातून १२.५ मिलिग्रॅम. पुढे न्यूझीलंडच्या दुसऱ्या एका स्पंजाचा एक टन काढला तेव्हा ३१० मिलिग्रॅम मिळालं. या हिशोबाने औषध करायला गेलं तर समुद्रात स्पंज शिल्लक राहणार नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. मग हार्वर्डच्या योशितो किशी यांनी १९९२ ला तो अख्खा रेणू लॅबमध्ये बनवला, आणि बनवताना मधे जे तुकडे तयार झाले ते पण पेशींवर तपासले गेले म्हणून लक्षात आलं की गुण अर्ध्याच भागात आहे, उरलेला अर्धा नसला तरी चालतं. त्या अर्ध्या भागापासून एरिब्युलिन, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी २०१० ला मान्यता. मोठ्या चाचणीत साधारण अडीच महिन्यांनी आयुष्य वाढलं, १०.६ वरून १३.१ महिने. अडीच महिने वाचायला कमी वाटतात हे मला माहीत आहे. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना विचारा, मुलीची दहावीची परीक्षा तेवढ्यात होते.

हे सगळं मी तुम्हाला शिकवायला लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मंजुरीच्या पत्रात जेव्हा "कालावधी ३ वर्षे" असं टाइप होतं तेव्हा ही वर्षं कोणाच्या डोळ्यासमोर असतात का, एवढंच विचारायचं आहे. माणसांचे पगार तीन वर्षांनी बंद होतात, ठीक आहे, पैसा मर्यादित असतो, मला समजतं. पण अर्काला पगार लागत नाही. त्याला थंडी लागते, कोरडी बाटली लागते, आणि एक माणूस लागतो ज्याच्याकडे त्याची यादी आहे.

आपल्याकडे या कामाची सुरुवात उशिरा झाली असंही नाही. गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था १९६६ ला स्थापन झाली. १९९० च्या दशकात समुद्रातून औषधं शोधायचा राष्ट्रीय प्रकल्पच होता, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे, सीडीआरआयकडे, समन्वय आणि किनाऱ्यावरच्या अनेक संस्था नमुने गोळा करणाऱ्या. जून २०२१ ला मंत्रिमंडळाने डीप ओशन मिशन मंजूर केलं, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी, त्यात खोल समुद्रातल्या जीवांचा अभ्यास हा एक स्वतंत्र भाग आहे आणि समुद्री जीवशास्त्रातून उद्योगापर्यंत जाणारं सागरी केंद्र उभारायचंही त्यात आहे. मत्स्य ६००० ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणार हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरांचे डोळे मोठे होतात, माझाही ऊर भरून येतो. म्हणूनच म्हणते, एवढ्या खोलवरून, एवढ्या खर्चाने वर आणलेला स्पंज आमच्या बाटल्यांसारखा व्हरांड्यात सडू नये.

व्यवस्था अगदी नव्याने उभी करायचीही गरज नाही. तुमच्याच मंत्रालयाच्या कोचीच्या सीएमएलआरई संस्थेत भवसागर नावाचं केंद्र आहे, खोल समुद्रातल्या प्राण्यांचे नमुने तिथे राष्ट्रीय संग्रह म्हणून जपले जातात. प्राणी जपतो तसे अर्क जपा. प्रत्येक अर्काबरोबर त्याच प्राण्याचा एक तुकडा स्पिरिटमध्ये, म्हणजे वीस वर्षांनी कोणी विचारलं की हा नक्की कुठला स्पंज, तर दाखवता आला पाहिजे, नुसत्या "नारिंगी स्पंज, कातळ क्रमांक ४" वरून काही होत नाही, हे मी स्वतः भोगलंय. आणि तिसरी गोष्ट त्याच्या आतले जिवाणू. डोलास्टॅटिन नंतर कळलं की समुद्री ससा स्वतः बनवतच नाही, तो जे सायनोबॅक्टेरिया खातो त्यांच्यातून येतं. ट्रॅबेक्टेडिनसुद्धा त्या जीवाच्या आत राहणाऱ्या जिवाणूचं काम असल्याचं दिसलं, आणि आज ते औषध बनवतात ते वेगळ्याच एका जिवाणूपासून मिळणाऱ्या सायानोसफ्रॅसिन नावाच्या पदार्थापासून पुढे रासायनिक पायऱ्या करून, त्यामुळे टनावारी जीव खरवडायची वेळच येत नाही. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आपल्या हाताशी आहे. कातळावरून निघालेल्या प्रत्येक नमुन्याचा एक भाग तिकडे गेला तर किनाऱ्याला परत परत ओरबाडावं लागणार नाही.

ओरबाडण्याची भीती मला खरंच वाटते. आमच्याकडे विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, समुद्राच्या मधोमध प्रवाळाचं पठार, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे. औषध मिळणार म्हटल्यावर उद्या कोणी ट्रॉलर लावून स्पंज काढायला निघालं तर काय उरेल? कृपा करून संकलनाच्या परवानगीतच ग्रॅममध्ये मर्यादा लिहा.

अजून एक, हे त्या तीन वर्षांशीच जोडलेलं आहे. तीन वर्षांत काहीतरी दाखवावं लागतं, म्हणून लॅबच्या डिशमधल्या पेशी मेल्या की लगेच प्रेसनोट जाते, "समुद्री शेवाळातून कॅन्सरवर औषध". डिशमध्ये तर मिठाचं पाणी जास्त झालं तरी पेशी मरतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक बातमी आली आणि आमच्याच कॉलेजच्या एका माजी विद्यार्थिनीने मला रात्री साडेदहाला फोन केला, तिच्या वडिलांना लिव्हरचा कॅन्सर होता, ती म्हणाली मॅडम, कातळावरचं ते शेवाळ आम्ही आणलंय, किती वेळ उकळायचं? मी तिला समजावलं, बाळा, उकळू नको, त्याने काही होणार नाही, उलट काहीतरी भलतं होईल, चालू केमो सोडू नका. ती फोनवर रडली, मीही रडले. देशात दरवर्षी साधारण १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर निघतो, तेवढ्या घरांत अशा बातम्या वाचल्या जातात. तुमच्या निधीतून होणाऱ्या कामाची प्रेसनोट निघताना त्यात हे स्पष्ट लिहायची सक्ती करा की हे पेशींवर झालंय, प्राण्यांवर झालंय की माणसांवर, आणि औषध बाजारात नाही. मुदतीचा गळफास सैल केलात तर ही घाईसुद्धा बरीच कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्या बायकांनी आम्हाला कातळ दाखवले त्यांच्याबद्दल. आमच्या नमुन्यांच्या वेळी ज्या काकी पुढे चालायच्या, त्यांना कुठला स्पंज अंगाला लागला की खाज सुटते, कोणत्या बिळाजवळ कालवं कधीच धरत नाहीत, हे सगळं तोंडपाठ. कालवं का धरत नाहीत? तिथला स्पंज काहीतरी सोडतो म्हणूनच असणार, जागेसाठीची ती लढाई आहे, जागेवरून हलता न येणारे जीव रसायनांनीच लढतात आणि आपल्याला हवी ती रसायनं बऱ्याचदा हीच असतात. काकींचं हे बोट दाखवणं आमच्या महिनाभराच्या कामाएवढं होतं. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख "स्थानिक मजूर" असा गेला, आणि त्यात माझाही हात होता, मीच तो मसुदा टाइप केला होता, याची खंत आहे. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असं त्यात आहे. आमच्या गावच्या नोंदवहीत आंबा, फणस, रातांबा, सगळं नीट लिहिलंय, कातळावरच्या जीवांना एक पानही नाही. हे पान या बायकांना बसवून लिहून घ्या, आणि नमुन्याच्या नोंदीत गावाचं आणि दाखवणारीचं नाव तिच्या परवानगीने टाका, म्हणजे तीस-चाळीस वर्षांनी त्यातून काही निघालंच तर लाभाचा वाटा कुठे जायला हवा हे शोधत बसावं लागणार नाही.

तर थोडक्यात माझं मागणं मंत्रालयाला झेपण्यासारखं आहे: तुमच्या पैशातून निघालेला प्रत्येक अर्क प्रकल्प संपायच्या आधी राष्ट्रीय संग्रहात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका, त्या संग्रहाला प्रकल्पाच्या हेडमधून न देता कायमस्वरूपी पैसे आणि कायमस्वरूपी माणूस द्या, आणि देशातल्या कुठल्याही कॉलेजातल्या संशोधकाला नवी चाचणी करायची असेल तर त्यातला थोडासा भाग मागता येईल असं करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने नैसर्गिक अर्कांचा असा साठा फ्रेडरिक या शहरात ठेवलाय आणि त्या संशोधकांना तपासायला देतात, आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

माझ्या ६३ बाटल्या गेल्या, पण वही आहे. तारखा, कातळांची स्थानिक नावं, रंग, वास, सुकतीची वेळ, काकी काय म्हणाल्या ते समासात पेन्सिलने, सगळं वाचता येतंय. त्यातले निदान चाळीस कातळ अजून तसेच आहेत, मी गेल्या हिवाळ्यात पोरांना घेऊन फिरून आले. वहीची स्कॅन कॉपी कुठल्या पत्त्यावर पाठवायची तेवढं कळवा, आणि तुमचं कोणी येणार असेल तर अमावस्येच्या आदल्या दिवशी या, पहाटे पाचला बंदरावर मी आणि काकी दोघी असू.

आपली नम्र,
प्राणीशास्त्राची एक शिक्षिका, सिंधुदुर्ग